फुकट ॲपचे पैसे कोण भरतं? नव्याने स्मार्टफोन वापरणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

सोयाबीनचा आजचा भाव, उद्याचा पाऊस, पोरीच्या नीटच्या सराव चाचण्या, हरिपाठ, कर्जाचा हप्ता काढून देणारं कॅल्क्युलेटर. यातल्या प्रत्येकासाठी प्ले स्टोअरवर ॲप आहे आणि बहुतेक वेळा ते फुकट आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यांपर्यंत स्मार्टफोन पोचला. यूपीआयने पैसे कसे पाठवायचे, व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे घरातल्या पोरांनी शिकवलं. ॲप बनवणाऱ्याचं घर कशावर चालतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते एकदा समजलं की कोणतं ॲप काय मागतंय आणि का मागतंय, याचा अंदाज आपोआप यायला लागतो.

मी लातुरात संगणकाचे वर्ग घेते. फोन घेऊन शंका विचारायला येणाऱ्यांत शेतकरी असतात, अंगणवाडी सेविका असतात, शिकवणीला आलेल्या मुलांचे आई-वडील असतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिलंय. फोन अँड्रॉइडचा आहे असं धरलंय, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच आहे. विवो, ओप्पो, रेडमी, सॅमसंग यांच्या सेटिंगमधली नावं थोडी इकडेतिकडे होतात. पर्याय दिसला नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाका, सापडतो.

पायरी 1: उतरवण्याआधी विचारा, याचा खर्च कोण करतंय?

ॲप बनवायला माणसं लागतात, सर्व्हरचं भाडं लागतं, दर महिन्याला दुरुस्त्या लागतात. हा पैसा कुठून तरी येतोच. कुठून येतो याच्या मोजक्याच वाटा आहेत.

काही ॲप आपल्याच करातून चालतात. वीज कुठे पडण्याची शक्यता आहे ते सांगणारं दामिनी हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलंय. वळवाच्या पावसात रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं असं माझं ठाम मत आहे. मेघदूत हे शेतीच्या हवामान सल्ल्याचं ॲप केंद्र सरकारचं, तर ई-पीक पाहणी आपल्या राज्य सरकारचं, 2021 पासूनचं. यांना जाहिराती दाखवून पोट भरायचं नाही.

काही ॲप देणगीवर चालतात. सिग्नल ही निरोप पाठवायची सेवा, व्हिडिओ बघायचं व्हीएलसी, आणि विकिपीडिया. यांच्यामागे नफा न कमावणाऱ्या संस्था आहेत.

यूपीआयची ॲप तिसऱ्या प्रकारात येतात. जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या साध्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला मनाई आहे. मग ही ॲप कमावतात ती मोबाइल रिचार्जवरच्या छोट्या शुल्कातून, कर्ज आणि विमा विकून मिळणाऱ्या दलालीतून, दुकानातल्या 'पैसे मिळाले' बोलणाऱ्या डब्याच्या भाड्यातून. पैसे पाठवायला ॲप उघडलं की समोर कर्जाचा फलक का येतो, ते आता लक्षात आलं असेल.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं. 2014 मध्ये फेसबुकने ते सुमारे 19 अब्ज डॉलरना विकत घेतलं. आधी काहींना वर्षाला एक डॉलर द्यावा लागायचा, तो 2016 मध्ये बंद झाला. आता बँका, दुकानं, कंपन्या आपल्याला व्हॉट्सॲपवर जे निरोप पाठवतात त्याचे पैसे त्या मोजतात. शिवाय 'अपडेट्स'च्या पानावर, म्हणजे स्टेटस दिसतात तिथे, जाहिराती आणत असल्याचं कंपनीने जून 2025 मध्ये जाहीर केलं. खासगी गप्पांचा मजकूर मात्र 2016 पासून असा कुलूपबंद जातो की तो पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला, कंपनीलाही, वाचता येत नाही.

काही ॲप थोडं फुकट देतात आणि जास्तीचं हवं असेल तर पैसे मागतात. अभ्यासाची आणि खेळांची बरीच ॲप अशीच आहेत.

राहिला तो सगळ्यात मोठा गट, जाहिरातींवर चालणारा. त्याचा आकार कळायला दोन कंपन्या पुरेत. 2024 मध्ये गूगलच्या मूळ कंपनीच्या एकूण उत्पन्नातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींचा होता. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाचा तर 97 टक्क्यांहून जास्त.

पायरी 2: जाहिरात दिसते तेव्हा मागे काय होतं, ते समजून घ्या

ही पायरी जरा लांब आहे, पण टाळू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही. पेपरात जाहिरात असते म्हणूनच तो आपल्याला पाच-सात रुपयांत मिळतो. पण पेपरातली जाहिरात सगळ्यांना एकच दिसते आणि तुम्ही ती वाचली की पान उलटलं, हे तिला कळत नाही. फोनमधली जाहिरात तुमच्यासाठी निवडलेली असते, आणि निवडायची तर तुमच्याबद्दल काहीतरी माहीत असावं लागतं.

समजा, तुम्ही बाजारभावाचं एखादं खासगी ॲप उघडलं. त्यात जाहिरातीसाठी एक रिकामी जागा आहे. ॲप बनवणाऱ्याने स्वतः जाहिराती शोधलेल्या नसतात; त्याने जाहिरात कंपनीचा तयार कोड ॲपमध्ये बसवलेला असतो. गूगलचं ॲडमॉब हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. ॲप उघडताच हा कोड एक निरोप पाठवतो: अमुक बनावटीचा फोन आहे, भाषा मराठी आहे, नेटचा पत्ता हा आहे, साधारण ठिकाण हे आहे, ॲप शेतीचं आहे, आणि फोनचा जाहिरात आयडी हा आहे. जाहिरात आयडी म्हणजे तुमच्या फोनला दिलेला एक लांबलचक क्रमांक. त्यात तुमचं नाव नसतं, पण वेगवेगळ्या ॲपना तोच क्रमांक दिसतो. त्यामुळे सकाळी भाव बघणारा आणि रात्री गाणी ऐकणारा फोन एकच आहे, हे जुळवता येतं.

हा निरोप बाजारात जातो आणि त्या जागेचा लिलाव होतो. पान उघडायच्या आत, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, बोली लागते आणि संपते. मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगाभोवती दहा खरेदीदार जमतात, मूठभर माल हातात घेऊन बघतात, एकाची बोली लागते आणि बाकीचे पुढच्या ढिगाकडे जातात; इथेही तसंच. फरक इतकाच की इथे मूठभर माल म्हणजे तुमची माहिती. ज्यांची बोली हरली त्यांनीही ती पाहिलेली असते, आणि त्यातले काहीजण ती जपून ठेवतात. पाहून विसरा असा नियम कागदावर असतो, पण प्रत्येक पाहणाऱ्याच्या मागे उभं राहून खात्री करणारा कुणी नसतो. माझ्या मते खासगीपणाचा खरा प्रश्न इथे आहे. डोळ्याला दिसते ती एक जाहिरात. ती दिसण्याआधी तुमची माहिती किती जणांच्या हातून गेली, ते दिसत नाही.

आता पैशाचं बघू. समजण्यापुरतं धरा की हजार वेळा जाहिरात दाखवल्यावर ॲपवाल्याला 40 रुपये मिळतात. तुम्ही दिवसाला दहा जाहिराती पाहिल्या तर तुमच्याकडून त्याला 40 पैसे सुटले, महिन्याला 12 रुपये. एका माणसामागे इतकं थोडं मिळत असल्याने त्याला तीन गोष्टी हव्या असतात: माणसं खूप हवीत, ती जास्त वेळ ॲपमध्ये राहायला हवीत आणि प्रत्येक जागेला बोली चढी लागायला हवी. बोली चढी कधी लागते? समोरचा कोण आहे हे नेमकं कळतं तेव्हा. म्हणून टॉर्चच्या ॲपलाही तुमचं ठिकाण हवं असतं.

"पण आपल्याकडं काय हाय लपवायसारखं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. प्रामाणिक प्रश्न आहे. याचं उत्तर मी दोन फोनांचं उदाहरण देऊन देते.

पहिला फोन दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या एका गावातून निघतो, पुढचे काही महिने कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात रोज वेगळ्या फडावर दिसतो आणि गाळप संपलं की परत गावी येतो. मालकाचं नाव कुणी विचारलं नाही, पण हा फोन ऊसतोड कामगाराचा आहे, त्याने उचल घेतलेली असणार आणि पावसाळ्यात त्याचा हात रिकामा असणार, हे नुसत्या ठिकाणांवरून कळतं. दुसरा फोन रात्री लातूरच्या एका वसतिगृहात असतो, दिवसा शिकवणी वर्गांच्या भागात आणि दिवाळीत नांदेडजवळच्या गावी. हा नीटची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी. निकालाच्या आठवड्यात 'पुन्हा एक वर्ष द्या' म्हणणाऱ्या जाहिराती कुणाला दाखवायच्या, ते ठरलं.

या दोघांनी काही लपवलेलं नाही. त्यांची अडचणीची वेळ अनोळखी माणसाला आधीच कळते आणि त्याच वेळी तो दारात उभा राहतो, याची मला काळजी वाटते. जाहिरात आयडीत नाव नसतं म्हणून काही बिघडत नाही, असं कुणी म्हणालं तर हे दोन फोन आठवावेत.

ठिकाणाची माहिती जाहिरातीच्या पलीकडेही जाते. नमाजाच्या वेळा सांगणारं एक मोठं ॲप, मुस्लिम प्रो, लोकांचं ठिकाण एक्स-मोड नावाच्या अमेरिकी कंपनीला देत होतं आणि त्या कंपनीचे काही ग्राहक अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, हे 2020 मध्ये पत्रकारांनी उघड केलं. ॲपने नंतर तो व्यवहार तोडला. दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा नाजूक जागांची माहिती विकायला त्या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मनाई केली ती जानेवारी 2024 मध्ये. दिवसातून पाच वेळा श्रद्धेने उघडलं जाणारं ॲप होतं ते.

एक गैरसमज मात्र दूर करते. 'आम्ही ट्रॅक्टरबद्दल नुसतं बोललो आणि ट्रॅक्टरची जाहिरात आली, म्हणजे फोन चोरून ऐकतो' असं बरेच जण सांगतात. जाहिरातीसाठी फोन सर्रास गप्पा ऐकतात, याचा पक्का पुरावा समोर आलेला नाही. तशी गरजही पडत नाही. ज्याच्याशी बोललात त्याने त्या दिवशी ट्रॅक्टर शोधलेला असतो, तुम्ही दोघं एकाच वाय-फायवर असता, तुम्ही मागच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ पाहिलेला असतो. एवढ्यावर अंदाज बरोबर येतो.

पायरी 3: प्ले स्टोअरचं पान वाचा

'इंस्टॉल करा'च्या हिरव्या बटणाआधी चार गोष्टी बघायच्या. ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत जाहिराती असल्याचं आणि ॲपमध्ये खरेदी असल्याचं लिहिलेलं असतं. थोडं खाली डेटाच्या सुरक्षिततेचा भाग असतो, त्यावर बोट ठेवलं की ॲप कोणती माहिती गोळा करतं आणि दुसऱ्यांना देतं ते दिसतं. ही माहिती ॲप बनवणाऱ्याने स्वतःच लिहून दिलेली असते, गूगलने तपासून दिलेली नसते. तरीही वाचा. हवामानाच्या ॲपने तिथेच 'संपर्क गोळा करतो' असं कबूल केलं असेल तर पुढे जायची गरज उरत नाही. मग बनवणाऱ्याचं नाव बघा आणि एक-दोन ताऱ्यांचे शेरे वाचा. पाच ताऱ्यांचे शेरे काहीच सांगत नाहीत.

सरकारी योजनेच्या नावाने चालणारी खासगी ॲपही भरपूर आहेत. पीक विमा, किसान सन्मान निधी, सातबारा या शब्दांनी शोधलं की खरं ॲप आणि त्याच्यासारखी दिसणारी जाहिरातींनी भरलेली ॲप शेजारी-शेजारी येतात. बनवणाऱ्याच्या नावात सरकारी खातं किंवा संस्था नसेल तर थांबा.

आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, कधीच उघडू नका, मग तिच्यावर पीएम किसान लिहिलेलं असो, लग्नाची पत्रिका असो की गाडीचं चलन. तो जाहिरातीचा मामला नसतो, ती थेट खात्यावरची चोरी असते.

पायरी 4: परवानग्या, एकेक करून

दिवाळीच्या सुट्टीत एका काकांचा फोन बघायला घेतला. फोन तापतो, डेटा दुपारीच संपतो, अशी तक्रार. आतमध्ये टॉर्चचं वेगळं ॲप होतं. "काका, हे कशाला टाकलंय?" म्हटलं. "अगं पोरी, रानातली लाइट रात्रीच येती. मोटर चालू करायला जायचं म्हणल्यावर बॅटरी नको का?" मागणी अगदी रास्त होती. ॲप उघडलं तर आधी पूर्ण पडदाभर जाहिरात. बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. काकांचं बोट दरवेळी जाहिरातीवरच पडायचं. त्याच्या परवानग्या काढून पाहिल्या तर ठिकाण, संपर्क आणि फोन कॉल. मग पडद्यावर वरून खाली बोट ओढून फोनचंच टॉर्चचं बटण दाखवलं. "हे आधीपसूनच होतं व्हय?" काका बराच वेळ ते चालू-बंद करून बघत होते.

टॉर्चची ही गोष्ट नवी नाही. ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट नावाचं अँड्रॉइडचं टॉर्च ॲप लोकांना न सांगता त्यांचं ठिकाण आणि फोन ओळखायचा क्रमांक (मोबाइल नंबर नव्हे) जाहिरात कंपन्यांना देतं, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2013 मध्येच कारवाई केली होती.

तुमच्या फोनमध्ये हे असं करा. सेटिंगमध्ये 'गोपनीयता' उघडा, त्यात परवानग्यांचा व्यवस्थापक असतो. तिथे ठिकाण, संपर्क, कॅमेरा, मायक्रोफोन, एसएमएस, कॉल असे विभाग दिसतील. सुरुवात ठिकाणापासून करा. प्रत्येक ॲपपुढे एकच प्रश्न विचारायचा: मी कुठे आहे हे कळल्याशिवाय याचं काम अडतं का? दामिनीचं अडतं, वीज तुमच्या जवळ पडणार की नाही हे त्याला ठिकाण कळल्याशिवाय सांगता येत नाही. ई-पीक पाहणीचं अडतं, कारण फोटो त्याच गटातून काढलाय याची नोंद हवी असते. नकाशाचं अडतं. हरिपाठाचं, कॅल्क्युलेटरचं, पत्त्यांच्या खेळाचं अडत नाही. ज्यांचं अडतं त्यांना 'ॲप वापरत असताना' एवढीच मुभा द्या. दामिनीला मात्र ॲप बंद असतानाही इशारा द्यायचा असल्याने कायमची मुभा दिली तरी मी हरकत घेणार नाही. हवामानाच्या खासगी ॲपसाठी 'अचूक ठिकाण' बंद करून अंदाजे ठिकाण दिलं तरी चालतं. तालुका कळला की पाऊस सांगता येतो. ही सोय अँड्रॉइड 12 पासूनच्या फोनमध्ये आहे.

संपर्कांबाबत मी फार कडक आहे. तुमच्या फोनमधले नंबर तुमचे नाहीत, ते तुमच्या मामांचे, जावेचे, आडत्याचे, मुलीच्या मैत्रिणीचे आहेत. 'परवानगी द्या'वर तुम्ही बोट ठेवलं की त्या सगळ्यांच्या वतीने तुम्ही होकार देता, त्यांना न विचारता. ज्या ॲपमधून त्या माणसांशी बोलायचं आहे ते सोडून बाकी सगळ्यांचे संपर्क बंद करा. एसएमएसचंही तसंच. बँकेचा ओटीपी, खात्यातली शिल्लक, हप्ता चुकल्याची सूचना, सगळं एसएमएसमध्ये असतं. खेळाच्या किंवा फोटो सजवायच्या ॲपला त्यात डोकावायचं काही कारण नाही.

परवानगी काढली आणि ॲप चालेना, तर परत देता येते. काही मोडत नाही. ही भीती नवख्यांच्या मनातून जावी म्हणून मुद्दाम लिहितेय.

पायरी 5: जाहिरात आयडी पुसून टाका

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती, त्यात 'जाहिरात आयडी हटवा'. काही फोनमध्ये हे गोपनीयतेच्या भागात असतं. हटवल्यावर ॲपने तो क्रमांक मागितला की त्याला नुसती शून्यं मिळतात. जाहिराती दिसायच्या थांबत नाहीत, हे आधीच सांगते. पण वेगवेगळ्या ॲपमधला तुमचा वावर एका क्रमांकावर जोडायची सोपी वाट बंद होते. जुन्या फोनमध्ये हटवायची सोय नसते, तिथे आयडी बदलायचा आणि 'वैयक्तिक जाहिराती नकोत' हा पर्याय चालू करायचा.

त्यानंतर गूगल खात्यातलं 'माझे जाहिरात केंद्र' उघडा आणि वैयक्तिक जाहिराती बंद करा. यूट्यूब आणि गूगल शोधावर त्याचा परिणाम होतो. तिथेच, बंद करायच्या आधी, गूगलने तुमच्याबद्दल काय-काय ताडलंय तेही बघता येतं: वयोगट, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं. घरातल्या मोठ्यांना हे पान एकदा दाखवा. माझ्या वर्गात इतर कशाहीपेक्षा या एका पानाने माणसं सावध होतात.

स्वस्त फोनमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही जाहिराती असतात, लॉक स्क्रीनवर बातम्या-फोटोंच्या नावाने येतात त्या वेगळ्या. फोन कमी नफ्यात विकून नंतर जाहिरातींतून भरून काढायचं हे गणित आहे. सेटिंगमध्ये 'सुचवणी' किंवा 'शिफारशी' शोधून त्या बंद करता येतात. आयफोनवाल्यांना 2021 पासून माग काढू पाहणाऱ्या ॲपला विचारावंच लागतं, इतर ॲपमध्ये तुमचा माग काढू का, 'नको' म्हणायचं.

आणि एखाद्या ॲपवर रोजचं काम असेल, त्याची पैसे भरून मिळणारी बिनजाहिरातीची आवृत्ती वर्षाला शे-दोनशेत मिळत असेल, तर घ्या. बनवणाऱ्याचं पोट आपल्या पैशावर चाललं की त्याला आपल्याबद्दलची माहिती विकायची गरज कमी पडते. तरी पैसे भरले म्हणून परवानग्या तपासायचं सोडू नका.

पायरी 6: कर्जाच्या जाहिरातीपुढे थांबा

मृग लागतो, बियाणं-खताला पैसा हवा असतो, बँकेत पीक कर्जाचं नवं-जुनं अडलेलं असतं. नेमकं त्याच दिवसांत फोनवर 'पाच मिनिटांत कर्ज, कागद नकोत' दिसायला लागतं. तुम्ही 'सोने तारण' शोधलेलं असतं, भावाचं ॲप दिवसातून चार वेळा उघडलेलं असतं. गरजेची वेळ ओळखणं हाच या धंद्याचा गाभा आहे.

औसा तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरात असं झालं. मुलाने एका ॲपवरून थोडे पैसे उचलले. हातात आले ते सांगितल्यापेक्षा कमी, आठवड्यात परत मागितले त्यापेक्षा बरेच जास्त. उतरवताना ॲपने संपर्क आणि फोटो मागितले होते, त्याने दिले. हप्ता चुकला आणि शिवीगाळीचे निरोप त्याच्या सासऱ्यांना, गावच्या गुरुजींना, दूधवाल्याला गेले. पैशाचं ओझं ते घर पेलू शकलं असतं. गावात मान खाली गेली ते त्यांना पेलवलं नाही. मुलगा महिनाभर घराबाहेर पडला नाही.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. सप्टेंबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपने तुमचे संपर्क, कॉलची यादी, फोटो-फाइल यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक, ठिकाण हे केवायसीसाठी एकदाच, तेही तुमच्या स्पष्ट संमतीने. गूगलनेही 2023 पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो मागायला बंदी केली आहे. तेव्हा कर्जाच्या ॲपने संपर्क मागितले की बाकी काहीही न वाचता ते काढून टाकायचं. कर्ज कोणती बँक किंवा वित्तसंस्था देतेय त्याचं नाव ॲपमध्ये असायलाच हवं, सगळा खर्च धरून वर्षाचा व्याजदर सांगणारं पत्रक सहीआधी मिळायलाच हवं आणि पैसा त्या संस्थेकडून थेट तुमच्या खात्यात यायला हवा. नियमातल्या संस्थांनी कळवलेल्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेने 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे, ती बघून घ्या.

धमक्या सुरू झाल्याच असतील तर निरोपांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. नोंदणी नसलेल्या सावकारी ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर करता येते. ज्यांना निरोप गेले त्यांना तुम्ही स्वतः आधी फोन करून सांगा; धमकी देणाऱ्याच्या हातात मग फारसं काही उरत नाही.

पायरी 7: मुलांच्या हातातला फोन

आईच्या खात्याचा फोन मुलाच्या हातात गेला की जाहिरात यंत्रणेला समोर तिशीतली बाई दिसते आणि जाहिरातीही तशाच येतात. मुलासाठी त्याचं खरं वय घालून वेगळं गूगल खातं करा आणि गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपने ते तुमच्या फोनला जोडा. 18 वर्षांखालच्यांना वय, लिंग, आवड पाहून जाहिराती दाखवणार नाही, असं गूगलने 2021 मध्ये जाहीर केलं होतं. पण खात्यात वय खोटं असेल तर त्याचा उपयोग शून्य. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली आहे, तरी तशी जाहिरात मुलाच्या फोनवर दिसली तर ती जिथे दिसली ते ॲपच काढा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर त्यात बंदी आहे, आणि मूल म्हणजे 18 वर्षांखालचं कुणीही. या कायद्यातला सगळ्यात मोठा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोपर्यंत तरी राखण आपल्यालाच करायची आहे.

पायरी 8: काढताना नीट काढा

ॲप नुसतं फोनमधून काढलं तर फोनमधली जागा रिकामी होते; कंपनीकडे तुमचं खातं आणि त्यातली माहिती तशीच राहते. म्हणून आधी ॲप उघडा, प्रोफाइल किंवा सेटिंगमध्ये 'खाते हटवा' शोधा, ते करा आणि मगच ॲप काढा. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते हटवायची सोय द्यावीच लागेल, असा नियम गूगलने 2023 मध्ये जाहीर केला. त्यामुळे पर्याय ॲपमध्ये दिसला नाही तर प्ले स्टोअरवरच्या त्याच्या पानावर, डेटाच्या सुरक्षिततेच्या भागात, हटवण्याची विनंती करायचा दुवा शोधा. गूगलने लॉग-इन केलं असेल तर गूगल खात्याच्या सुरक्षेच्या भागात जाऊन त्या ॲपची जोडणीही तोडा. तिथे तुम्ही कधीच विसरून गेलेल्या ॲपची यादी दिसेल. एका बैठकीत सगळी होत नाहीत, पहिल्या दिवशी कर्जाची आणि खेळांची काढा, बाकीची सवडीने.